दत्तूमामांची रजा आणि गौरीचा लॅपटॉप

गेल्या महिन्यात, जोतिबाची यात्रा आठवड्यावर आलेली असताना, दत्तूमामा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मामा आमच्या कागल एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीचे सुपरवायझर... आणि मी मॅनेजर.

"साहेब, दोन दिवस रजा पायजे हुती. घरातली म्हणती, गुडघं चालत्यात तवर एकदा डोंगर दाखवा."

यात्रेला निम्मा कारखाना डोंगरावर असतो. त्यामुळे मामांना माझं दरवर्षीचं उत्तर ठरलेलं : "तुम्ही गेलात तर भट्टी कोण बघणार? पुढच्या वर्षी जा." याला मी अनुभव म्हणतो. खरं तर ती भीती असते...

या वेळी मात्र ऑफिसात गौरी होती. वारणानगरची, नुकतीच रुजू झालेली. भट्टीचं तापमान, बिघाड, हजेरी, सगळं तिने एका डॅशबोर्डवर आणलंय. "सर, विचारून तर बघूया की," म्हणाली. कुणाला? तर लॅपटॉपला.

धुरावरून अग्नीचं अनुमान कसं करायचं, हे मी संस्कृतच्या वर्गात शिकलो. या मुलीने आख्खी भट्टीच लॅपटॉपमध्ये उभी केली, त्यातून मामांना वजा केलं आणि यात्रेचे दोन दिवस शेकडो वेळा चालवून पाहिले... कधी हजेरी कमी धरून, कधी मशीन बंद पाडून. पाळ्या थोड्या बदलल्या, की भट्टी चालू राहत होती!

मी आनंदाने मामांना आत बोलावलं आणि म्हणालो, "बघा मामा, तुमच्याशिवाय चालतंय!"

इतकी वर्षं माणसं सांभाळलेला माणूस असं वाक्य बोलू शकतो, यावर कृपया विश्वास ठेवा.

मामा स्क्रीनकडे बघत राहिले. "बरं झालं, साहेब. म्हंजे आता आमची गरज न्हाय." आणि वळले...

"ओ मामा, थांबा की," गौरी म्हणाली. "तुमच्या जागी ही तिघं उभी केल्यात मी. नावं वाचा. यांना काम कुणी शिकवलं?"

"मीच की."

"मग आता हे बघा." तिने ती तीन नावं काढली आणि सिम्युलेशन पुन्हा चालवलं. पहिल्याच पाळीत सगळा स्क्रीन लाल!

मामा परत येऊन स्क्रीनवर वाकले. मग म्हणाले, "त्यातल्या सलीमला सांगाय पायजे. लई घाई करतंय."

मी अर्जावर सही केली.

त्या दोन दिवसांत मामांचा एकही फोन आला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं... अकरा आले. भट्टी चालू होती.

तिसऱ्या दिवशी मामा कानापर्यंत गुलाबी होऊन आले. सगळ्यांना खोबरं वाटलं आणि चिमूटभर गुलाल लॅपटॉपला लावला. "रजा ह्येनंच दिली न्हवं?"

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "घरातलीनं तुमचं आभार सांगितल्यात, साहेब."

इतकी वर्षं तिला 'पुढच्या वर्षी' हे मामा सांगत आले, पण ते उत्तर माझं होतं... कधीही न तपासलेलं.

गुलाल अजून कीबोर्डच्या फटीत आहे. गौरी पुसायला निघाली होती. म्हटलं, राहू दे.