फॉरेनचं मशीन आणि काकाजींची बाटली

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात तीन कपाटं नुसत्या अहवालांची आहेत. तिमाही अहवाल, सहामाही अहवाल, अहवालाचा अहवाल! किस्से मात्र कुठल्याच फाइलमध्ये बसत नाहीत, म्हणून ते माझ्या डोक्यात साठत जातात. बारा वर्षं झाली मला या संस्थेत. परदेशातून आलेली मदत गावापर्यंत न्यायची आणि गाव जे बोललं ते इंग्रजी करून परदेशापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. दोन्हीकडची हमाल म्हणा ना!

लग्नात, बारशात कोणीतरी मला हमखास गाठतं. "काय हो ताई, या फॉरेनच्या मदतीनं गरिबाचं खरंच काही भलं होते, का नुसतं तुमच्या जीपचं डिझेल जळते?" मला भयंकर राग येतो. राग अशासाठी, की हा प्रश्न मलाही पडतो. मग मी उत्तर द्यायच्या फंदात न पडता एका गावाची गोष्ट सुरू करते.

अंजनगाव सुर्जीहून अकोल्याकडे निघालं की खारपाणपट्टा लागतो. जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी असं खारट की त्यात वरणाची डाळ शिजत नाही, आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या किडन्या बिघडतात. नळाचं पाणी येतं, पण पाहुण्यासारखं, आठ-पंधरा दिवसांनी. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर देशमुख काकाजींचा फोन येईल आणि तो अर्धा तास चालेल!

*

पहिली मीटिंग मारुतीच्या पारावर झाली. आमचे इंगळे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, एका फॉरेनच्या सल्लागाराला घेऊन आले होते. सल्लागारांनी हात जोडून विचारलं आणि मी मराठीत सांगितलं, "तुमच्या गावाची सगळ्यात मोठी गरज कोणती, ते मोकळेपणाने सांगा."

कोणी टोपी सारखी करतंय, कोणी जीपकडे बघतंय. शेवटी मागच्या रांगेतून एक तिशीतली बाई उठली. विमल वानखडे. बारावीपर्यंत शिकलेली, आवाज खणखणीत.

"मॅडम, पह्यले साहेबायले इचारा, त्यायच्यापाशी काय काय हाय. मागच्या संस्थेपाशी बकऱ्याच होत्या, तं आमची गरज बकऱ्या होती. त्याच्या आंधी चुली होत्या. तुमच्यापाशी काय हाय ते सांगा, मंग आमी गरज सांगतो!"

मी ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. इंगळे सरांनी डोळे मिटून घेतले. सल्लागार मात्र पोट धरून हसले आणि म्हणाले, "पाणी शुद्ध करायचं मशीन आहे." विमलताई लगेच म्हणाली, "बसा मंग. आता खरी गरज जुळली!"

*

मशीन आलं. लाकडी पेटीतून, समुद्र ओलांडून, बैलगाडीपेक्षा मोठं! सोबत मार्टिन साहेब नावाचे इंजिनिअर. मशीन चालवायला कोणाला शिकवायचं, तर विमलताईला. ती तोवर चार वर्षं नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात कामाला होती, पारावरच्या मीटिंगला सुट्टीवर आलेली. तिकडे भाड्याची खोली आणि पोरगी इकडे आईपाशी. गावातच काम मिळतंय म्हटल्यावर ती खोली सोडून दुसऱ्या दिवशी हजर झाली.

मार्टिन साहेबांची एक सवय होती. समोर कोणीही बाई असो, तिला ते मॅडमच म्हणायचे. "मॅडम वानखडे, हा व्हॉल्व्ह. मॅडम वानखडे, हा फिल्टर." आठ दिवस हेच चाललं. साहेब परत गेले त्या दिवशी विमलताई मला म्हणाली, "ताई, मशीन तं मस्तच हाय. पन मले आजपावतर कोनी मॅडम नव्हतं म्हनलं."

मी अहवालात 'एक महिला प्रशिक्षित' असं लिहिलं. तेवढाच रकाना होता.

*

आता मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं, की खोलीचं तापमान पस्तीस डिग्रीच्या वर जाऊ देऊ नये. पस्तीस! आमच्याकडे मार्च महिन्यात सकाळी दहा वाजता पस्तीस होतं. मे महिन्यात अकोल्यात घराबाहेर उभं राहिलं तर माणसाचा पापड होतो. मी ते वाक्य वाचून दाखवल्यावर आमचे ड्रायव्हर सलीमभाई म्हणाले, "मॅडम, मंग मशीन चिखलदऱ्यालेच बसवा न! आपन पाइप इथवर आनू!"

शेवटी विमलताईनेच मार्ग काढला. अकोल्याहून एक भला मोठा कूलर आणून मशीनच्या खोलीला लावला. मशीन खूश! आणि गाव त्याहून खूश, कारण आख्ख्या गावात तेवढी थंडगार जागा दुसरी नव्हती. दुपारी बारानंतर म्हातारी मंडळी तिथे येऊन बसायला लागली. मशीनच्या पेटीच्या फळ्यांचा सलीमभाईंनी एक बाक ठोकून दिला. इंगळे सरांनी अहवालात लिहिलं, 'प्रकल्पात ज्येष्ठ नागरिकांचा सहभाग लक्षणीय आहे.' फॉरेनहून अभिनंदनाचा मेल आला!

त्या बाकावर पहिला नंबर देशमुख काकाजींचा. वय पंचाहत्तर, पांढरंशुभ्र धोतर, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत. कूलरची हवा खायला ते रोज यायचे. येताना काखेत पाण्याची बाटली. घरी त्यांनी अंजनगावहून विकतच्या पाण्याचा जार लावलेला, त्यातलं भरून आणलेली.

आता हे जरा सरळच सांगते. मशीनचं पाणी चांगलं होतं, जारच्या पाण्याहून चांगलं. पण ते भरून देणारी विमलताई होती, बौद्ध वस्तीतली. गावात जुन्या विहिरीच दोन, एक इकडची आणि एक तिकडची, आणि कोणी कुठली भरायची हे पोरांनाही ठाऊक. मशीन आलं ते एकच. त्याला नळ एक, रांग एक, आणि नळाशी विमलताई! पहिल्या वर्षी काही घरांनी जार लावले. पुढे एकेक करून ते सुटले, कारण विमलताईच्या पाण्यात डाळ शिजते हे बायांनी बघितलं होतं. डाळीपुढे कोणाचं काय चालतं? काकाजींचा जार मात्र सुटला नाही.

"आमच्या पोटाले मशीनचं पानी सोसत नाही," ते म्हणायचे. विमलताईचं नावही त्यांनी कधी घेतलं नाही. "ते मशीनवाली," एवढंच.

मी एकदा चिडून विमलताईला म्हटलं, "हवा इथली खातात आणि पाणी अंजनगावचं पितात! हाकलून का देत नाहीस?"

"बसू द्या न ताई," ती म्हणाली. "येनं तं बंद नाही केलं."

*

देणाऱ्या संस्थेचा नियम असा, की त्यांच्या मदतीची प्रत्येक वस्तू ओळखू आली पाहिजे. म्हणून स्टिकर आले, निळेजर्द, दोनशे! मशीनवर लावले, टाकीवर लावले, कूलरवर, बाकावर, सलीमभाईंच्या जीपच्या आरशावरसुद्धा लावले. सलीमभाईंना मागचं दिसेना! तरी अर्धा गठ्ठा उरला.

काकाजी बाकावर बसून सगळं बघत होते. बाटलीतला घोट घेतला आणि म्हणाले, "आता पान्यालेबी चिकटवा म्हना. नाहीतं पोटात गेल्यावर कोनाचं हाय ते कसं समजन?"

पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं पटलं, आणि त्याचाही राग आला.

*

मग सर्व्हे. प्रश्न इंग्रजीत बनले, पुण्यात मराठी झाले आणि माझ्याकडे आले. ते मराठी वाचून मलाच घाम फुटला! 'आपल्या कौटुंबिक जलसेवनविषयक समाधानाची पातळी एक ते पाच या श्रेणीत दर्शवा.'

विमलताईने विचारलं, "पाच म्हनलं तं काय भेटते? अन् एक म्हनलं तं काय जाते?"

मी म्हटलं, भेटत नाही आणि जातही नाही. ती म्हणाली, "मंग तीन लिहा. कोनाले वाईट नको वाटाले."

पुढचा प्रश्न तर कहरच. 'मागील सात दिवसांत आपणांस सक्षम झाल्यासारखे वाटले का?'

"ताई," विमलताई भांडं विसळता विसळता म्हणाली, "मागच्या सात दिवसांत मले बसल्यासारखंबी नाही वाटलं!"

*

आता खरा किस्सा.

तिसऱ्या वर्षी फॉरेनहून पत्र आलं. मदतीचा शेवटचा टप्पा, आणि त्यात सुधारित नळ. ऑटोमॅटिक! कार्ड लावा, पाणी घ्या, मध्ये माणूसच नको. माणसाचा हात लागत नाही, म्हणजे स्वच्छ. इंगळे सर तर नाचायलाच लागले, "अहो, जे लोक अजून पाणी घेत नाहीत तेही घेतील! कोणाच्या हातचं घ्यायचा प्रश्नच मिटला!"

हे विमलताईला सांगायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. मी सांगितलं. ती टाकीच्या काचेतली पातळी बघायला लागली.

"म्हंजे ज्यायले माह्या हातचं नको होतं, त्यायची सोय झाली," ती म्हणाली. "अन् माह्या हाताचं काय? मी पुन्हा नांदगाव पेठच्या खोलीत जाऊ का?"

बारा वर्षांत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मदत तिच्यासाठी आली होती आणि आता मदतच तिला उठवत होती!

शेवटचा निर्णय करायला मे महिन्यात देणाऱ्या संस्थेच्या ॲना मॅडम आल्या. उंच, गोऱ्या, उन्हाने लाल झालेल्या, हातात फॉर्म. त्यात एकच प्रश्न महत्त्वाचा, ऑटोमॅटिक नळ हवा की नको. इंगळे सर, मी, सलीमभाई, अर्धं गाव, सगळे मशीनच्या खोलीत. बाकावर नेहमीप्रमाणे काकाजी, शेजारी बाटली.

उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. विमलताईने स्टीलचा ग्लास घासूनपुसून भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

ॲना मॅडम हसल्या आणि मान हलवली. पर्समधून स्वतःची बंद बाटली काढून दाखवली. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणे, बाहेरचं पाणी प्यायचं नाही.

मशीन यांचं, फिल्टर यांचा, सगळीकडे स्टिकर यांचे, आणि पाणी मात्र नको! माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आधी सगळ्यांनी मॅडमच्या बाटलीकडे बघितलं. मग हळूहळू सगळ्या माना बाकावरच्या बाटलीकडे वळल्या.

विमलताईचा ग्लास तसाच पुढे होता. ती शांतपणे म्हणाली, "राहू द्या मॅडम. आमच्या काकाजीची बी बाटलीच हाय. तीन वर्सं झाले."

ॲना मॅडमनी विचारलं, काय म्हणाली? इंगळे सर मला डोळ्यांनी 'नको, नको' करत होते. मी जसंच्या तसं सांगून टाकलं!

मॅडम ताबडतोब काकाजींकडे वळल्या. पेन उघडलं. "आजोबांना विचारा, हे पाणी खराब आहे का?"

मी विचारलं. इंगळे सरांचा चेहरा पडला. काकाजी खराब म्हणाले तर मशीन गेलं. चांगलं म्हणाले, तर पुढचा प्रश्न उभाच! काकाजींनी धोतराचा सोगा सारखा केला.

"पानी चांगलं हाय," ते म्हणाले. "सांग तिले. एक नंबर हाय."

"मग तुम्ही का पीत नाही?"

मॅडमचं हे मी मराठीत विचारलं. हा प्रश्न गावात तीन वर्षांत कोणी विचारला नव्हता. पारावर नाही, ग्रामसभेत नाही, आमच्या पुण्याहून आलेल्या फॉर्ममध्येही नाही.

काकाजी मॅडमच्या बाटलीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, दोन पावलं आले आणि मॅडमसाठी भरलेला तो ग्लास विमलताईच्या हातून घेतला. एका दमात प्यायले. एकेक घोट गळ्याखाली उतरताना आख्ख्या खोलीला दिसला!

सलीमभाईंच्या तोंडून निघून गेलं, "अरे बाप्पा!"

ॲना मॅडमना काय झालं ते कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी फॉर्मवर बोट ठेवून शेवटचा प्रश्न विचारला, ऑटोमॅटिक नळ हवा का? मी मराठीत सांगून पुरतं व्हायच्या आतच काकाजी बोलले.

"नळ कायले पाह्यजे? हे हाय न, मशीनवाली!"

मी सांगितलं. मॅडमनी 'नको'च्या चौकोनात खूण केली. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. इंगळे सर रुमालाने कपाळ पुसत होते.

विमलताई मात्र हसली नाही. तिने काकाजींच्या हातातला रिकामा ग्लास घेतला, नळाखाली धरला, पण नळ काही सोडला नाही.

"मशीनवाली नाही, काकाजी," ती म्हणाली. "वानखडे मॅडम."

काकाजींनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा ग्लासकडे. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं.

"बरं," काकाजी म्हणाले. "वानखडे मॅडम, अजून एक ग्लास द्या."

ॲना मॅडम पेन घेऊन माझ्याकडे वळल्या. "काय म्हणाले ते?"

मी म्हटलं, "काही नाही, पाणी मागतायत."