लाल टेप गुंडाळलेली खुर्ची

"फोटो झाला. आता उतरवा बाईले."

एवढंच वाक्य होतं. आमदाराचा पीए बोलला ते. आवाज चढवून नाही, शिवी देऊन नाही. सतरंजी उचला, टेबल हलवा, असं सांगतात तसं. दोन कार्यकर्ते पुढे आले. एकाने माझ्या मायच्या काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले.

माय चाकाच्या खुर्चीत बसली होती. आत्ताच, सगळ्या गावासमोर, आमदाराने तिला ती खुर्ची दिली होती. माइकवरून तिचं नाव पुकारलं होतं. गळ्यात हार घातला होता. टाळ्या झाल्या होत्या. मायचा उजवा हात, उजवा पाय लकव्याने गेलेला. पण डावा हात शाबूत होता. खुर्चीच्या डाव्या दांड्यावर फाटलेलं रेक्झिन लाल टेप गुंडाळून झाकलं होतं. त्या टेपवर मायने फोटोपासूनच मूठ आवळली होती, ती सोडेचना.

"सोड न वं बुढे. पुढच्या गावात नेयाची हाय खुर्ची."

"साहेबानं देल्ली ना मले," माय म्हणाली. लकव्यामुळे तिचे शब्द वाकडे येत. काखेत हात घातलेला कार्यकर्ता तिच्या बोलण्याची नक्कल करत हसला. मग त्याने तिची बोटं सोडवायला घेतली. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं. तुरीची शेंग सोलावी तसं एकेक बोट. मागून कुणीतरी ओरडलं, "लय लोभी हाय बुढी!" आणि मांडवात हशा पिकला.

मी धावले ती मायला झेलायला. तिला सतरंजीवर टेकवलं तेव्हा तिचा पदर घसरला होता, झंपर वर सरकलं होतं. सगळ्या गावासमोर. मी आधी पदर ओढून घेतला. स्टेजवर आमदार बोलतच होता. त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. "या अर्थसंकल्पात आपल्या मतदारसंघाच्या आरोग्यासाठी भरीव तरतूद झाली आहे. आरोग्याचं विधेयक आपण सभागृहात एकमताने मंजूर केलं. उपचार हा आता तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही!"

टाळ्या.

दरवर्षी अधिवेशन संपलं की तो असा गावोगाव फिरायचा, मुंबईत काय काय केलं ते सांगायला. त्या वर्षांत सभेला बायकाच जास्त असायच्या. गावातले पुरुष कर्जापायी फास घेऊन कमी कमी होत चालले होते, ते सगळ्यांना माहीत होतं. कुणी त्यावर बोलायचं नाही. आमदारही बोलायचा नाही.

माझी माय कोण होती ते सांगते. बाळापूर तालुक्यातलं आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. गावात आरोग्य उपकेंद्र आहे. माय तिथे झाडलोट करायची, पाणी भरायची. उपकेंद्राची किल्ली तिच्याच कमरेला असायची. रोज सकाळी ती कुलूप उघडायची, फरशी पुसायची, डॉक्टरची खुर्ची पुसायची. डॉक्टर यायचा नाही. नर्स लसीच्या दिवशी यायची, लगेच जायची. मायला लकवा झाला तो तिथेच, फरशी पुसता पुसता. दवाखान्यात पडली आणि दवाखान्यात तिला पाहायला कोणी नव्हतं. लोकांनी तिला घरी उचलून आणलं तेव्हा किल्ली कमरेलाच होती.

मग ती सरपटायला लागली. एका हाताने, एका पायाने. बाहेर बसायला जायचं तरी शेजारणींना हाक मारावी लागायची. आयुष्यभर तिने कुणाला हाक मारली नव्हती. खुर्ची मिळणार असं सरपंचाकडून कळलं तेव्हा तिने मला अकोल्याहून बोलावून घेतलं आणि दाराचा उंबरा काढायला लावला. चाकं आत यायला पाहिजेत ना! वस्तीतल्या बायका म्हणाल्या, अवं उंबरा काढत नसतात, घराले बरं नाही. माय म्हणाली, "घराचं पाह्यलं लय. आता मले बाहेर जाऊ द्या."

मी सब्बलने उंबरा उचकटला. माय मागे भिंतीला टेकून बसली होती, हसत होती. तिचं ते हसणं मी शेवटचं पाहिलं.

सभेनंतर पीए म्हणाला, "वाटप चालू हाय. नंबर लागला का घरपोच येईल." माय त्यावर विसंबली. रोज दाराकडे तोंड करून बसायची. पाऊस लागला. उंबरा नव्हता, तर गल्लीचं पाणी सरळ घरात. मी सुट्टीच्या दिवशी यायची तेव्हा म्हणायची, उंबरा बसवते. ती म्हणायची, "राहू दे. खुर्ची येईल." आणि मध्येच, कुणी काही विचारलेलं नसताना, "मी लोभी नोय वं. मी लोभी आहो काय?"

हा प्रश्न ती मला विचारायची. शेजारणींना विचारायची. भिंतीला विचारायची. तिची बोटं सोडवली त्यापेक्षा तो शब्द तिला जास्त लागला. जिने दुसऱ्याच्या शेतातला गळून पडलेला कापूस कधी पदरात घेतला नाही, तिला भर मांडवात लोभी म्हटलं गेलं, आणि लोक हसले. ज्यांच्या लेकरांना लस टोचताना तिने मांडीवर धरलं, ते हसले.

पोळा झाला आणि तिला दुसरा झटका आला. ऑटो करून आम्ही अकोल्याला निघालो, सरकारी मोठ्या दवाखान्यात. फाट्यावर ऑटो थांबला. समोर भला मोठा फ्लेक्स. आमदार हात जोडून उभा, बाजूला खुर्चीत बसलेली माझी माय. गळ्यात हार. खाली लिहिलं होतं, 'बोललो ते करून दाखवलं.' पावसाने धुऊन फ्लेक्स चकचकीत झाला होता.

माय माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. तिने बराच वेळ पाहिलं.

"थे बाई कोण व्हय?"

"तू व्हय, माय."

"खुश दिसते." मग म्हणाली, "तिची खुर्ची कुठी हाय आता?"

मी तिचा पदर सारखा केला. दवाखाना यायच्या आत ती गेली.

त्यानंतर ती मला सगळीकडे दिसायला लागली. हे मी वेड्यासारखं बोलत नाही. फ्लेक्स फाटले, गळून पडले, लोकांनी उचलून नेले. आमच्याकडे फ्लेक्स वाया जात नाही. कडब्याच्या गंजीवर, शेळ्यांच्या गोठ्यावर, गळक्या टिनांवर घालतात. बसमधून जाताना एकाएकी कुणाच्या छपरावर माझ्या मायचा अर्धा चेहरा दिसायचा, दगडाखाली दबलेला. एका गावात मी उतरून मागितला. घरातली बाई म्हणाली, "घेऊन जा बापा, पण मंग पाणी कसं थांबवू?" तिच्या कडेवर तान्हं लेकरू होतं. मी तसाच ठेवून आले. त्या रात्री झोप लागली नाही. भर पावसात मायला कुणाच्या तरी छपरावर उताणं टाकून आल्यासारखं वाटत राहिलं.

मी अकोल्याच्या जुन्या शहरात एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होते. कॉम्प्युटरवर डिझाइन बनवायचं, मशीनवर छापायला सोडायचं. वाढदिवस, लग्न, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं. मालक अन्वरभाई, साठीचा माणूस, कमी बोलणारा. मायचा तो पहिला फ्लेक्स आमच्याकडे छापला नव्हता. पण वर्ष फिरलं, मुंबईचं अधिवेशन संपलं, आणि तोच पीए आमच्या दुकानात येऊन उभा राहिला. त्याने मला ओळखलं नाही. कशाला ओळखेल? त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलंच नव्हतं.

"स्टेजच्या मागं लावायचा हाय. मोठा. साहेब मधात. बाकी लाभार्थी खाली रांगेनं. मागं हिरवंगार शेत टाक." त्याने पेनड्राइव्ह दिला.

मी फोटो उघडले. गावागावाचे फोटो. एक म्हातारा. एक पोलिओ झालेली पोरगी, दोन वेण्या, हसरी. मळणीयंत्रात पाय गेलेला एक तरुण. मग माझी माय. पुन्हा एक म्हातारी. सगळे हार घातलेले, सगळे खुर्चीत बसलेले. आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताखाली लाल टेप.

एकच खुर्ची होती. साऱ्या मतदारसंघात एकच खुर्ची फिरली होती.

इतके दिवस मला वाटत होतं की माझ्या मायवर अन्याय झाला, गरीब होती, खालच्या वस्तीतली होती, म्हणून. इथे तर रांग होती. त्या पोरीच्या घरीसुद्धा कुणी उंबरा काढला असेल. ती पोरगीसुद्धा दाराकडे तोंड करून बसली असेल.

पीए माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये वाकला. "चेहरे उजळ कर सगळ्याईचे. अन् हे बुढी पाह्य, कशी मूठ आवळून बसली. भुतावाणी दिसते. हात कापून टाक तिचा."

"थे बाई वारली," मी म्हणाले.

"मंग? फोटो तं हाय ना."

तो चहा प्यायला गेला. मी अन्वरभाईंना हाक मारली आणि सांगितलं, "हा हात मी कापणार नाही." त्यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"कौन है ये?"

"माय व्हय माही."

आमदाराचं काम गेलं तर दुकानाचं काय होईल ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. "तो फिर जैसा है वैसाच छाप," म्हणाले आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

मी कुणाचा चेहरा उजळ केला नाही. सगळे फोटो एका मापाचे केले, एका ओळीत लावले. खुर्चीखाली खुर्ची नाही, खुर्चीशेजारी खुर्ची. लाल टेपशेजारी लाल टेप. सांगितलं होतं तेच केलं, रांगेनं लावा म्हणाले होते. पीएने येऊन फक्त साहेबाचा चेहरा तपासला. गाल जरा बारीक कर म्हणाला. मशीन सुरू झालं. रोलवरून आधी मायचे पांढरे केस आले, मग कपाळ, मग डोळे. डोळे आले तेव्हा मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

सभा आमच्याच गावात होती. मी गेले. पुढच्या सतरंजीवर बसले. मागे तो फ्लेक्स, समोर आमदार. "मागच्या अधिवेशनात दिलेला शब्द या अर्थसंकल्पात पूर्ण झाला. आपल्या उपकेंद्राला..." उपकेंद्र तिथून दिसत होतं. कुलूप होतं. मग खुर्ची आणली. तीच. या खेपेला आमच्या गावातल्या देवरावदादांना बसवलं. साखरेच्या आजाराने त्यांचा पाय कापला होता. बायको बाजूला उभी, डोळ्यांत पाणी, हात जोडलेले. हार. टाळ्या. फोटो.

"झाला फोटो. उतरवा."

मी उठले. स्टेजवर कशी चढले आठवत नाही. डावा दांडा धरला. उन्हाने टेप चिकट झाला होता.

"उतरवाचं नाही," मी म्हणाले.

पीए माझ्याकडे पाहत राहिला. "तू तं फ्लेक्सवाली नं वं?"

"हो. अन् हिची पोरगी." मी मागे बोट दाखवलं. "तिची बोटं तुमी सोडवली. आता माही सोडवा."

मायची बोटं सोडवणारा तो कार्यकर्ता पुढे आला आणि थांबला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून फ्लेक्स पाहत होती. ती मोठ्याने म्हणाली, "अवं बाई, एकच खुर्ची हाय सगळ्याईखाली!" मग दुसरी उठली. मग कुजबुज, मग गलका. आमदाराने माइकवर हात ठेवला. "ताई, खालची माणसं चुकतात. आपण आत बसून बोलू."

"आत नाही. माइकवर बोला. देतानी माइकवरच बोलले तुमी."

त्याने फ्लेक्सकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग माइकवरचा हात काढून म्हणाला, खुर्ची देवरावांची. टाळ्या झाल्या. त्यालाही टाळ्याच झाल्या. मी वाजवल्या नाहीत. माझे दोन्ही हात दांड्यावर होते. खुर्ची देवरावदादांच्या घरात जाईपर्यंत मी ते सोडले नाहीत.

आनंद झाला नाही. खोटं कशाला बोलू? आठवडाभरात अन्वरभाईंनी मान खाली घालून सांगितलं, "बेटा, कुछ दिन मत आ." मी पुन्हा गेले नाही. उपकेंद्र बंदच आहे. त्याची किल्ली माझ्याकडे आहे, कुणी मागायलासुद्धा आलं नाही. दाराला उंबरा नाही आणि मी तो बसवणार नाही. झोपेत मायचा हात येतो, आख्खा हात, आणि माझी बोटं शोधतो. मी जागी होते तेव्हा माझी मूठ आवळलेली असते.

तर आता ऐका. पुढचं अधिवेशन संपेल. साहेब पुन्हा निघेल, बजेट सांगेल, कायदा सांगेल. ज्या गावात जाईल तिथे मी आधी जाऊन बसलेली असेन. ती दोन वेण्यांची पोरगी राहते त्या गावातसुद्धा. मला भाषण करायचं नाही, निवेदन द्यायचं नाही. हातात काही नसेल. आणि खुर्चीतल्या माणसाला उचलायला कुणी पुढे आला की मी दांडा धरेन.

सोडवून पाहा.