आक्कांची एक घंटी

आमच्या गल्लीत दारूच्या बाबतीत ‘सुटली’ हा शब्द शेजारच्या आक्का चालू देत नसत. अमक्याची सुटली असं कुणी आनंदानं सांगू लागलं, की त्या हातातल्या पेल्यावर नखानं एकदा टक् करत. “सुटली म्हंजे निघाली की गाडी. थांबलीया म्हणा.” उभा जन्म त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून जयसिंगपूरच्या फेऱ्या केल्या होत्या. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. निवृत्त झाल्यावर जणू एकच घंटी त्यांनी बरोबर आणली होती.

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, दारू हा आमच्या घरात न बोलायचा विषय. आईनं आधी कुणीतरी दिलेली दारू सोडवायची पुडी त्याच्या नकळत रश्श्यात कालवली. मग जोतिबाला नेऊन शपथ घातली. दादानं शपथ पाळली. एकदम सगळं बंद केलं, आणि दोनच दिवसांत त्याचे हात थरथरू लागले, भिंतीवर नसलेली माणसं दिसू लागली. आई देवाचा कोप म्हणाली. मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

आक्का आत आल्या, त्याच्या घामेजल्या कपाळावर हात ठेवला. “वैनी, हे देवाचं न्हाय, दारूचंच हाय. पळत्या गाडीला असा ब्रेक मारला की ती उलटती. रिक्षा बोलवा.”

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. रोज पिणाऱ्यानं अचानक थांबणं जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधं घेत करायचं. दवाखान्याच्या बाकावर आक्का हलकेच म्हणाल्या, “आमच्या ह्यांना मी नुसत्या शपथाच घालत राहिले. ह्याला डॉक्टर असतोय, हे कुणी सांगितलंच न्हाय बघ.” खिडकीबाहेर ऊन उतरत होतं.

हातांची थरथर गेली तेव्हा आम्हाला वाटलं, झालं. आक्का हसल्या. “आत्ता कुठं गाडीत बसलाय.” काहींना व्यसनमुक्ती केंद्रात राहावं लागतं, काहींचं घरी राहून होतं, तपासून ठरवायचं, असं डॉक्टर म्हणाले. दादा घरीच राहिला. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या होत्या, समुपदेशक होत्या, आणि गुरुवारी दारू थांबवलेल्या माणसांची बैठक. शेजारच्या खोलीत घरच्यांची बैठक भरायची. तिथं आक्कांनी मला आपल्याशेजारी बसवलं.

सकाळी दादा कामाला निघाला की फाटकापाशी त्या उभ्या असत.

“काय पावणं, आजचं तिकीट काढलं का?”

“काढलं की, आक्का.”

“आन् उद्याचं?”

“ते उद्या. आज प्यायची न्हाय, एवढंच.”

मग हुपरीला एका लग्नात दादा प्याला. परत आला तो खोलीत कडी लावून बसला. सगळं पाण्यात गेलं म्हणून आई रडली. आक्का दाराबाहेर पाटावर बसल्या. “पंक्चर झालं म्हणून गाडी कुणी पहिल्या स्टँडला न्हेत न्हाय. चाक बदलायचं. चल, डॉक्टरला सांगू.” बऱ्याच वेळानं कडी निघाली. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी औषध बदललं.

यंदाच्या थंडीत, नदीवरचं धुकं गल्लीपर्यंत आलं होतं त्या सकाळी, आक्का गेल्या. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. उशाशी त्यांचा पेला होता. दादानं त्यावर नखानं एकदा टक् केलं. “सुटल्या न्हाईत. थांबल्यात.”

आज हा घरी कसा येईल, ही भीती मला आईच्या डोळ्यांत दिसली, माझ्याही असेल. तो गुरुवार होता. नदीवरच्या स्मशानातून तो थेट बैठकीला गेला, आणि मी शेजारच्या खोलीत बसले. माझ्या बाजूची खुर्ची कुणी ओढली नाही.

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. फाटकापाशी कुणी नव्हतं. दादा तिथं थांबला, कुणी काही विचारल्यासारखा.

“काढलं की, आक्का,” म्हणाला, आणि कामाला गेला.