तिसऱ्या शिट्टीनंतर

आमच्या मामाची बोटं व्हायोलिनवर इतकी जलद पळायची, की नजर ठेवायला गेलं तर डोळे दुखायचे. आणि या कलेचं त्याने केलं काय, तर एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये तीस वर्षं लोकांच्या चावण्याला साथ केली. सूप संपेपर्यंत संथ, मग जरा जलद, आणि कोणी हात वर केला की वाढदिवसाची धून. मला त्या लोकांचा अजून राग येतो. मामाला कधी आला नाही. "खाणारा माणूस निदान मध्येच उठून जात नाही," म्हणायचा.

त्याचं स्वतःचं संगीत जन्माला आलं स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत वाजवलं की वरचे शेजारी जमीन ठोकायचे. स्वयंपाकघराची मालकीण मामी, आणि तिची एकच अट होती.

"मी पलीकडे शिवायला बसते. तुम्ही कुकर सांभाळा. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. मला मशीनवरून उठायला लावू नका."

मामाने अट इमानेइतबारे पाळली. ओट्याशी उभा राहून तो वीस वर्षं एकच रचना घडवत होता. तिचे भाग तीन. दुसरा संपला की व्हायोलिनचा गज वर धरून थांबायचं, तिसरी शिट्टी झाली की दोन पावलं डावीकडे, गॅस बंद, दोन पावलं परत, की तिसरा भाग सुरू. एकदा दुसरा भाग जरा लांबला, तर त्याने त्यातली फार गोड जागा कापून टाकली. रचना घट्ट हवी, असं कारण सांगितलं. बटाटे गाळ होत होते हे खरं कारण त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मामीला विचारलं तर ती मशीन न थांबवता म्हणायची, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचं डावं मधलं बोट आखडायला लागलं. डॉक्टरांनी फार तर वर्षभराची मुदत दिली. रचना कागदावर अर्धीच होती, बाकीची बोटांत. बोटं गेली की तीही जाणार. मामा पहिल्यांदाच घाबरला. हॉटेलात नेहमी जेवायला येणाऱ्या एक बाई रेकॉर्डिंग करत. त्यांना त्याने भीतभीतच विचारलं.

"एकदा ऐकवा," बाई म्हणाल्या. "आम्ही तिघं ऐकू. पटलं तर रेकॉर्ड करू."

छोटासा हॉल, सकाळची वेळ, पुढे बाई आणि त्यांचे दोन सहकारी, मागे मामी आणि मी. मामाने पहिला भाग असा वाजवला की बाईंनी वही मिटून ठेवली. दुसरा तर त्याहून सरस. तो संपला आणि मामा गज वर धरून थांबला.

थांबला तो थांबलाच. आधी तिघांनी माना डोलावल्या. मग एकाने घड्याळ पाहिलं. मामाची नजर सारखी डावीकडे जात होती. पुढचं काही त्याला सुचत नव्हतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"अगं, हे कुकरसाठी थांबलेत," मामी पुटपुटली. तिने मनाशी हिशेब केला. "दोन होऊन गेल्या असतील." आणि दोन बोटं तोंडात घालून तिने एक लांबलचक शिट्टी घातली.

मामाचा चेहरा सैल झाला. तो दोन पावलं डावीकडे गेला, तिथे नसलेला गॅस बंद केला, दोन पावलं परत आला आणि त्याने तिसरा भाग वाजवला. मी रडले. लाज वाटली नाही.

संपल्यावर बाई मागे वळल्या. "ती शिट्टी अगदी सुरात होती. रचनेतलीच का?"

मामाने मामीकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"मग रेकॉर्डिंगला यांनाही यावं लागेल. वादक म्हणून नाव काय लिहू?"

"माझं नाव कशाला?" मामी पर्स उचलत म्हणाली. "बटाटे गाळ झाले असते, म्हणून वाजवली."