आप्पाकाकांचा तराजू आणि पितळी पाटी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ऐंशी ओलांडली तरी नाही. रामरक्षासुद्धा मी झोप लवकर यावी म्हणून म्हणते. तरीही तुमच्या सदरात हे लिहायला बसले आहे, कारण गेल्या अंकात कुणीतरी हलणाऱ्या पाळण्याची गोष्ट लिहिली होती आणि ती वाचून माझं डोकं तापलं. पाळणा वाऱ्यानेही हलतो हो... मी पाहिलेला काटा वाऱ्याने हलण्यातला नव्हता.

एकोणीसशे तीसच्या आगेमागेची गोष्ट. रत्नागिरीतलं आमचं घर, वरच्या आळीत. माझे सख्खे काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मुंबईला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. छातीच्या दुखण्याने घरी परत आले आणि पडवीत बसून त्यांनी आपला तराजू पुरा केला. भुसारी दुकानातला नव्हे. काचपेटीतला, केसाचंही वजन करणारा. अशा तराजूचा काटा एकदा हलला की थांबता थांबत नाही, माणूस ताटकळतो. आप्पांनी पारड्यांखाली एकात एक सरकणाऱ्या हलक्या डब्या बसवल्या. आतली हवा दाबली जाई आणि काटा दोन-चार हेलकाव्यांत गप्प. आमच्या खाऱ्या, दमट हवेत नीट चालावा म्हणून पेटीत ओल शोषणाऱ्या चुनकळीची वाटी. काम झालं की खालची कळ फिरवायची; मग दांडी वर उचलून अडकते आणि काटा हलूच शकत नाही. ही कळ लावायचं काम माझं. त्या एवढ्याशा कामावर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजायची! इंग्रजी तिसरीत, म्हणजे आजच्या सातवीत होते, दोन वेण्या, आणि अक्कल त्या वेण्यांच्या रिबिनीएवढी.

आप्पा गेले. मार्गशीर्षात त्यांचे मुंबईचे वरिष्ठ साहेब दुखवट्याला आले. आगबोटीतून पडावात आणि पडावातून धक्क्यावर, बोट लागून तोंड हिरवंगार. मला मात्र ते देवासारखे वाटले, कारण त्यांच्या कोटाला सोन्याची साखळी होती. आमच्या ओटीवर शोकसभा भरली. गावातली शिकलेली मंडळी जाजमावर बसली. मधे चौरंगावर तराजू, कळ लावून ठेवलेला. मीच लावली होती आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती तपासलीही होती.

काकू माजघरात, दाराआड. विधवेनं पहिलं वर्षभर पुरुषांत यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. तिचा निरोप ओटीवर न्यायला मी.

साहेब बोलायला उभे राहिले. "कैलासवासी भास्करराव माझे मदतनीस होते. मी मार्ग दाखवला, त्यांच्या हातांनी काम केलं." असं म्हणून त्यांनी खिशातून पितळी पाटी काढली. ती तराजूवर बसवायची आणि तराजू मुंबईला न्यायचा. पाटीवर नाव एकच. साहेबांचं.



काकूने मला आत ओढलं. "त्यांना सांग गो, पाटीवर ह्यांचं नाव हवं. नाहीतर तराजू मिळायचा नाही."

मी बाहेर येऊन ऐटीत म्हटलं, "काकू सेज नो."

साहेब हसले. "बाळ, काकूंना म्हणावं, शास्त्र कुणा एकाचं नसतं."

मी आत. काकू म्हणाली, "मग पाटीवर एकट्याचंच कसं?"

हे इंग्रजीत कसं म्हणायचं याचा मी उंबऱ्यावर विचार करत होते... तेवढ्यात टकटक ऐकू आली.

काटा हलत होता. बारीक नव्हे — पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्हीकडे आपटत. दुपारची वेळ, परसातल्या माडाची झावळीसुद्धा स्तब्ध. मी लगेच पुढे होऊन शहाणपणाने सांगितलं, "वाऱ्यामुळे होतं असं." बंद काचपेटीत! दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही कान गरम होतात.

"पोरीनं कळ लावली नसेल," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतः वाकून कळ तपासली. लावलेली होती. दांडी वर अडकलेली, पारडी अगदी स्थिर, आणि काटा तेवढा आपटतोय.

साहेब म्हणाले, "चमत्कारिक आहे..." आणि दारात काकू उभी राहिली.

मग ती ओटीवर आली, सरळ पुरुषांत. माना खाली गेल्या. कुणीतरी "अरे रामा" म्हणालं. काकूने तराजूकडे पाहिलंही नाही.

"मदतनीस म्हणालात ह्यांना?"

"वहिनी, तसं नव्हे—"

"आजारपणात पत्र पाठवून डब्यांचं माप तुम्हीच विचारत होता ना ह्यांना? मार्ग दाखवणारा वाट विचारतो का हो?"

साहेबांनी पाटी खिशात घातली. दादा पुटपुटले, "आत जा गो, लोक बघताहेत."

"बघू देत," काकू म्हणाली, "त्यासाठीच आले."

साहेब परतीच्या बोटीने रिकाम्या हातांनी गेले. काटा केव्हा थांबला? कुणीच सांगू शकत नाही, कारण सगळे काकूकडे पाहत होते. गावात पुढे चर्चा झाली ती काट्याची नाही, विधवा ओटीवर आली याची! चोर पाहुणा म्हणून जेवून गेला, आणि नावं ठेवली काकूला.

तो तराजू पुन्हा तसा कधी हलला नाही. मी पुढे विज्ञान शिकले, शिकवलं. धक्का, उष्णता, वीज, सगळं लावून पाहिलं. अडकवलेल्या दांडीचा काटा कसा हलला, मला आजही सांगता येत नाही. साहेबांनी मात्र मुंबईत तसाच दुसरा तराजू करवून घेतला आणि त्यावर ती पाटी बसवली, असं पुढे कानावर आलं.

हा अनुभव सांगितला की प्रत्येकजण विचारतो, काटा कसा हलला? तराजू कुणी केला, हे सत्तर वर्षांत एकानेही विचारलेलं नाही. भास्कर अनंत कोतवडेकर. संपादकांना जागा कमी पडली तर काट्याचा मजकूर कापावा, हे नाव कापू नये.