ताईच्या लॅपटॉपची रॅम अन् माझं लग्न

तुम्ही हसाल, मले माहीत हाये. तरी सांगतोच. मी ताईच्या लॅपटॉपमध्ये रॅम टाकाले बसलो, अन् उठलो तवा माझं लग्न ठरलेलं होतं.

झालं काय, मी पुण्याहून सुट्टीवर सिंदी मेघेले घरी आलतो. दुपारी दोनले ताईची नोकरीची ऑनलाइन मुलाखत. अन् लॅपटॉप तिच्या कॉलेजच्या जमान्यातला. व्हिडिओ कॉल लावला का ताईचं तोंड उघडं ते उघडंच अडकून राहे.

म्हटलं, "ताई, रॅम वाढवली का पळते पाह्य हा. तू पार्लरले जाऊन ये."

"दोनच्या आत चालू पाहिजे. नाईतर तू हायेस अन् मी हावो," ताई म्हणे.

आता मी व्हिडिओ पाहून शिकलेला माणूस. त्यात सांगतलं, अंगातल्या विजेनं रॅम जळते, म्हणून मनगटाले पट्टा बांधा अन् दुसरं टोक लोखंडाले जोडा. पट्टा कुठून आणू? तांब्याची तार घेतली, मनगटाभोवती पक्कडनं घट्ट पिळली, दुसरं टोक खिडकीच्या गजाले. टी-शर्ट पॉलिस्टरचा, तोही काढून टाकला. बनियनवर, गजाले बांधलेला, पुढ्यात लॅपटॉप उघडा. स्वतःले काय समजून राह्यलो होतो, विचारूच नका.

खिडकीतून शेजारच्या काकूनं पाह्यलं.

"काऊन रे बापू, कोणं बांधलं तुले?"

"कोणी नाई काकू, माझं मीच."

असं कोणी ऐकून घेते काय? काकूनं उसासा टाकला. "आईबापाचं नाव नाई घेणार तू. गुणाचं लेकरू."

एवढ्या मोठ्या पोराले घरचे काऊन बांधतीन? पुण्यात पोरगी पाह्यली असन, दुसरं काय! काकूनं डोक्यातल्या डोक्यात केस निकालात काढली अन् सेवाग्रामले माझ्या मामाले फोन लावला. मी जुनी रॅम काढून नवी हातात घेतो, तं मामा दारात.

"कोण हाये ते?"

"कोण, मामा?"

"पोरगी."

"मामा, मी रॅम टाकून राह्यलो."

"बांधलेल्या हातानं?" मामानं लॅपटॉप उचलून काखेत मारला. "पहिले नाव सांग. मंग हे भेटन."

पावणेदोन झाले. तेवढ्यात ताई आली. तोंड चमकून राह्यलं, डोळ्यात पाणी. काकूनं तिले फाटकातच गाठलं होतं.

"ताई, तू तरी सांग ना मामाले."

"काय सांगू? तुझ्या लफड्यापायी माझी नोकरी चालली. सांगून टाक ना बे नाव!"

घड्याळाकडे पाह्यलं. ताईकडे पाह्यलं. तोंडातून निघून गेलं, "स्नेहा."

मामा एकदम विरघळला. "आडनाव?" म्हणे. मी लॅपटॉपकडे हात केला. "जाऊ दे, नको सांगू. आपल्या घरी जातपात नाई पाहत."

लॅपटॉप वापस भेटला. रॅम दाबली, खट्ट वाजलं, स्क्रीन लागली. दोनले ताई कॅमेऱ्यासमोर. अर्धा तास मस्त चालली मुलाखत, एकदाही तोंड नाई अडकलं.

ताईले नोकरी लागली. आईनं स्नेहासाठी साडी घेतली. मामा हॉल पाहून आला.

मी पुण्यात वापस आलो अन् शोधून राह्यलो. तुमच्या ओळखीत एखादी स्नेहा असन तं सांगा. दुसऱ्या नावाची असन तरी चालन. तिची हरकत नसन तं लग्नात बदलून घेऊ.