शेऱ्याचा रकाना

सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्याचं वेब अ‍ॅप्लिकेशन आमच्या छोट्या कंपनीने बनवलं. हजेरी, कामाची पाळी आणि कारखान्याचा दवाखाना हे त्याचे तीन भाग एकमेकांना मी जोडून दिले होते. माझी मावशी त्याच कारखान्यात कापड तपासायच्या टेबलावर होती. एका रविवारी नवागामला तिच्या घरी गेलो, तर रागाच्या भरात तिने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"माले दम लागस, हे मी फक्त नर्सबाईले सांगेल व्हतं," ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरने तिला टेबलावरून काढून गोदामात पाठवलं होतं. नर्सबाईंनीच चुगली केली, असं धरून मावशीने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

मला मात्र माझ्या सहकाऱ्याचा संशय आला. दवाखान्याच्या नोंदी त्यालाही उघडता यायच्या, आणि सुपरवायझरशी त्याची फार ऊठबस होती. सोमवारी चहाच्या वेळी मी आडून आडून विचारायला लागलो, तसं त्याने ते ओळखलं.

"मुझ पे शक है? पहले लॉग देख ले," एवढं बोलून तो उठून गेला.

कुणी कोणती नोंद कधी उघडली, याचा लॉग मी काढला. मावशीची दवाखान्यातली नोंद दवाखान्याबाहेरच्या कुणीही उघडली नव्हती. मग सुपरवायझरचं पाळीचं पान उघडलं. मावशीच्या नावापुढे 'शेरा' या रकान्यात लिहिलं होतं : धाप लागते, तपासणी हवी.

सोय म्हणून मी प्रत्येक कामगाराची अख्खी नोंद एकाच सामायिक जागी ठेवली होती. तिन्ही भाग तिथूनच माहिती उचलायचे. रजेचा शेरा आणि दवाखान्याचा शेरा, दोन्हींना मी कोडमध्ये एकच नाव दिलं होतं, म्हणून पाळीच्या पानावर रजेच्या जागी दवाखान्याचा शेरा उमटला होता. चुगली माझ्याच कोडने केली होती.

त्याच दिवशी मी ते वेगळं केलं. पाळीच्या भागाला आता फक्त नाव, नंबर आणि माणूस कामावर आहे की नाही, एवढंच मिळतं. कारखान्याच्या मॅनेजरला चूक लेखी कळवली, सहकाऱ्याची माफी मागितली. तो "ठीक है" म्हणाला, पण पुढे बरेच दिवस जेवायला वेगळा बसायचा.

मावशीला टेबल परत मिळालं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने विचारलं,

"मंग ते तुले दिसस का?"

खोटं बोलवेना. "दिसतं," मी म्हणालो.

ती नर्सबाईंशी पुन्हा बोलायला लागली. औषध मात्र दिंडोलीच्या डॉक्टरकडून आणते, आणि कसलं आणते ते मला सांगत नाही.